ओसरीतले साक्षीदार

मी घरात एखादी जुनी गोष्ट सांगायला बसलो की माझी धाकटी आधी खात्री करून घेते. "बाबा, यात तुम्ही पडता का?" मी पडत नसेन तर ती मोबाइल काढते. पडत असेन तर मांडी घालून बसते. या गोष्टीत मी दोनदा पडतो, त्यामुळे ती लागोपाठ कितीही वेळा ऐकायला तयार असते.

तेव्हा मी पाइपच्या कंपनीत सेल्समन होतो. जिंतूर तालुका माझ्याकडे होता. नवीन लग्न झालेलं, दोन बॅगा, एक गॅसची शेगडी आणि मी फार हुशार आहे असा बायकोचा समज, एवढ्या सामानावर आम्ही नाझरकाकांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. यातला समज सगळ्यात आधी फुटला.

काकांच्या तोंडून मी पहिला शब्द ऐकला तो "वाका!" मी वाकलो नाही. घर बघायला आलेला माणूस वाकेल कशाला? पुढच्या क्षणी एक अर्धी वीट माझ्या कपाळाला लागली आणि झोका घेऊन परत येऊन पुन्हा लागली.

"वाका म्हणलं की वाकायचं," आतून एक उंच, वाळकी आकृती आली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पँट छातीच्या जरा खाली बांधलेली. "तो साक्षीदार हाय. तुमचा मेहुणा न्हाई, बाजूला सरकायला."

मी कपाळ चोळत वर बघितलं. ओसरीला लोखंडी अँगलवर पत्रे होते, आणि त्या अँगलला या टोकापासून त्या टोकापर्यंत आकडे. प्रत्येक आकड्याला कसले तरी दोन तुकडे एकमेकांना चिकटवलेले: लाकडाला लाकूड, प्लास्टिकला लोखंड, चामड्याला रबर. खालच्या तुकड्याला तारेनं बांधलेली अर्धी वीट, आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर कशानं चिकटवलं, कोणी कालवलं आणि कधी टांगलं, एवढं सुबक अक्षरात. त्या घरात कलेक्टर आला असता तरी वाकूनच आत आला असता.

काका कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. कुठल्या कोर्टातून ते त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण गोष्ट त्यांच्या फजितीची होती. त्यांच्या ताब्यात मुद्देमालाची खोली होती. गुन्ह्यात सापडलेल्या काठ्या, विळे, पातेली, सायकली, सगळ्यांवर चिठ्ठ्या डकवून ठेवायच्या. चिठ्ठ्या खळीनं डकवत. एका पावसाळ्यात झुरळांनी खळ खाल्ली, चिठ्ठ्या जमिनीवर पडल्या, आणि काकांनी अंदाजानं परत लावल्या. नंतर भर कोर्टात एका गावच्या भांडणात दुसऱ्याच गावची कुऱ्हाड हजर झाली. वकील हसले, जजसाहेब हसले नाहीत.

"खळ खाल्ली झुरळानं अन् मेमो खाल्ला मी," काका सांगायचे. "तवापासनं ठरवलं. चिकटणं म्हणजे काय चीज हाय, ते समजून घ्यायचं."

निवृत्तीनंतर लोक देवळात जाऊन बसतात, काकांनी डिंक घेतला. सरेस, लुकण, पाइपचं सोल्युशन, दोन नळ्यांतलं कालवून लावायचं ते, काचेच्या जाळीवर ओतायची राळ, बाजारात येईल ते आणायचं, चिकटवायचं आणि टांगायचं. विद्यापीठाकडून कागद आला नव्हता, कोणी सांगितलं नव्हतं. पण सगळा कारभार मात्र कोर्टाच्या शिस्तीत चाले. राळ म्हणजे फिर्यादी आणि तिला घट्ट करणारा हार्डनर म्हणजे आरोपी. "दोघं आपापल्या घरी असले तर शंभर वर्षं काही होत न्हाई. एकत्र आले की केस उभी राहते." टांगलेला तुकडा हा साक्षीदार. वीट म्हणजे सरतपासणी. उकळतं पाणी, गच्चीवरचं ऊन, चुन्याची निवळी ही उलटतपासणी. आणि एखादा जोड आदल्या दिवशीपर्यंत ठणठणीत राहून दुसऱ्या दिवशी धाडकन सुटला की काका आतून ओरडायचे, "फितूर झाला गं!" काकू पोळी लाटता लाटता विचारायच्या, "कुणाच्या डोक्यावर?"

गच्चीवर वेगळीच वाळवणं असत. एका बाजूला काकूंच्या कुरडया, दुसऱ्या बाजूला काकांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी अर्धी पत्र्याखाली, अर्धी उघड्यावर. उन्हाळा संपला की काका एकेक पट्टी वाकवून दाखवायचे. सावलीतलं टोक वेताच्या छडीसारखं वाकायचं, उन्हातलं कट्कन मोडायचं. "ऊन काही बोलत न्हाई, दिसत न्हाई. रोज थोडं थोडं विचारत राहतं." एकदा वळीव आला म्हणून मी धावत वाळवण खाली आणलं. कुरडया वर राहिल्या, पट्ट्या डब्यात गेल्या. काकूंनी दोन दिवस माझ्या बायकोशी गोड आणि माझ्याशी मोजकं बोलणं ठेवलं.

चिकटवण्यात मीही काही कमी नाही असं मला वाटायचं. पाइपवाला माणूस मी, शेतकऱ्यांच्या बांधावर उभा राहून सोल्युशन लावून दाखवायचो. मी एकदा तसं बोललोही. काकांनी मला दोन पत्र्यांचा एक जोड दिला. "ओढा." मी एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला. आम्ही दोघांनी दात-ओठ खाऊन ओढलं, इतकं की लग्नातल्या सुपारी सोडण्याच्या खेळाची आठवण झाली. जोड हलला नाही. मग काकांनी त्याच्या कोपऱ्यात नख घातलं, हळूच वर केलं, आणि अख्खा जोड केळ्याच्या सालीसारखा सुटला.

"ताणानं कुणीच सुटत न्हाई, पाइपवाले. कोपऱ्यातनं सुटतं. कोर्टात बी मी हेच बघितलं. वकील आरडाओरडा करतो तवर साक्षीदार घट्ट. अन् मग एखादा हळूच विचारतो, त्या दिवशी तुमच्या घरी भाजी काय केली होती? की सुटला."

त्यांचं आवडतं वाक्य मात्र वेगळंच होतं. आम्ही काहीही दाखवायला नेलं, चपलेपासून चष्म्यापर्यंत, की काका आधी ते हातात फिरवायचे आणि म्हणायचे, "चिकटंल. पण धरंल का?" त्यांच्या शब्दकोशात हे दोन वेगळे शब्द होते. चिकटणं आज दिसतं. धरणं वीट टांगल्यावर कळतं.

आणि न चिकटवण्यातही त्यांचा मोठेपणा होता. बायकोच्या कुकरची मूठ तडकली तेव्हा मी ती ऐटीत त्यांच्याकडे नेली. "न्हाई," काका म्हणाले, "जिथं सुटलं तर माणूस भाजंल, तिथं डिंक लावायचा न्हाई. नवी मूठ आणा." पाण्याची काळी टाकी गळायला लागली तेव्हाही नाहीच म्हणाले. "ह्या जातीच्या प्लास्टिकला काहीच चिकटत न्हाई. वैरागी हाय ते. त्याला त्याच्याच अंगानं वितळवून जोडावं लागतं." असा नकार देणारा मिस्त्री मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. आमच्या धंद्यात तर नाहीच नाही.

आता पहिलं पडणं. माझ्या चुलतभावाचं लग्न पालमला होतं. काकांना आम्ही नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं, तर ते आमच्या आधी एसटीत जागा धरून बसलेले. मंडपात पोचले आणि प्लास्टिकची एकेक खुर्ची उलटी करून पायाच्या बेचक्यात भिंगानं बघायला लागले.

"पांढरी रेघ दिसायलीय का? प्लास्टिक लय दिवस सोसतं, मग एक दिवस तिथं पांढरं पडतं. मोडायच्या आधी सांगतं ते. आपलं लक्ष नसतं." रेघ असलेल्या खुर्च्या त्यांनी एका बाजूला आडव्या घालायला सुरुवात केली.

नवरीचे मामा धावत आले. "आवो काका, पाहुणे हुबे हायत अन् तुमी खुर्च्या निजवायलाव!"

"हुबे हायत तेच बरं. ह्याच्यावर बसले तर ते बी निजतील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण हा माणूस मी आणला होता. मला घराण्याच्या इभ्रतीचा झटका आला. मी बुंदी आणि वरणभातानं भरलेलं ताट घेतलं, आडव्या पडलेल्यांपैकी एक खुर्ची उचलली, मामांच्या समोर मांडली आणि "काही होत नाही हो" असं म्हणत बसलो. काही मोठा आवाज झाला नाही. खुर्चीचा मागचा एक पाय एखाद्या म्हशीनं पाण्यात बसावं तसा सावकाश बाजूला गेला आणि मी वरणासकट मांडवाच्या मध्यभागी उताणा झालो. काका धावत आले, माझ्याशेजारी गुडघ्यावर बसले आणि खुर्चीचा पाय भिंगाखाली धरला. "बघा, बरोबर रेघेवर." मग जरा वेळानं माझ्याकडे वळून, "लागलं का?"

त्यानंतर नवरीचे मामा स्वतः खुर्च्या उलट्या करून काकांना दाखवत फिरत होते.

दुसरं पडणं असं घरच्यांना हसत सांगता येत नाही. तरी सांगतो.

येलदरीच्या धरणात मासे धरणारा एक माणूस काकांचं नाव ऐकून आला. त्याचं नाव दगडू. "नाव चालवतो अन् नाव दगडू?" काका पहिल्याच भेटीत खूश झाले. दगडूची नाव फायबरची होती. पाण्याखालच्या खडकावर घासून तिच्या पोटाला हातभर चीर गेली होती. त्यानं डांबर लावून बघितलं, पत्रा मारून बघितला, दरवेळी पाणी आत. नावेत तो एकटा नसायचा. बायको कौसाबाई जाळं ओढायला सोबत असायची. दुसरी नाव घ्यायची ऐपत नव्हती आणि नावेशिवाय दुसरं पोट नव्हतं.

"चिकटंल," काका म्हणाले. मग बराच वेळ चिरेवरून बोट फिरवून, "धरंल बी. पण घाई न्हाई चालायची."

टेम्पोतून नाव आली आणि अंगणात पालथी पडली. काकूंनी पदर नाकाला लावला. "आवं, ज्या दारात लिंगपूजा होते त्या दारात मासळीची नाव पालथी घालायलाव?"

"नाव कुठं मासे खाते?"

तिच्यावर गल्लीतल्या सगळ्या मांजरी येऊन बसल्या. काकांनी त्यांना हाकललं नाही, फक्त राळ ओली असताना त्यांनी बसू नये एवढी काळजी घेतली. चिरेच्या दोन्ही बाजूंनी त्यांनी नावेचं अंग घासून घासून उतरतं केलं, कारण खडा काठ राहिला की जोड तिथूनच सुटतो. मग काचेच्या धाग्यांची जाळी राळेत भिजवून एकेक थर द्यायचा, बुडबुडा दाबून काढायचा, सुकू द्यायचा. असे तीन थर. राळेत हार्डनर किती घालायचा ते सोनाराच्या काट्यावर मोजून. कमी पडला तर राळ कच्ची राहते, जास्त झाला तर तापते, भाजते आणि ठिसूळ होते. आणि दर थराला, त्याच मगातल्या त्याच कालवणाचा एक साक्षीदार करून ओसरीत टांगायचा. नावेच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही. ते साक्षीदार सांगणार.

पहिले दोन थर काकांनी दिले, मी मदत केली. दुसऱ्या थराचे साक्षीदार तर मी उत्साहानं एकाऐवजी दोन केले. तिसऱ्या थराच्या दिवशी काकांना पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी जावं लागलं.

"मी जिवंत हाय एवढं दाखवून येतो," चप्पल घालता घालता ते म्हणाले. "तवर तिसरा थर तुमी द्या. तुमचा हात बसलाय आता. काट्यावर मोजून बरं का."

मला केवढा आनंद झाला. काकांनी नाव माझ्या हाती दिली! मी कालवायचा मग घेतला, राळ ओतली, काटा चालू केला. काट्याचा सेल संपला होता. सेल चौकातल्या दुकानात मिळतो, चालत जायला दहा मिनिटं. मी चौकाकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि माझ्यातला पाइपवाला जागा झाला. एवढे जोड केले आयुष्यात. अंदाजानं टाकला. मग वाटलं, थंडीचे दिवस आहेत, अजून जरा टाकू.

तो मग हातातच तापायला लागला. मी धावपळीत जाळीवर राळ फासली, बुडबुडे दाबले न दाबले, तोवर मगातून धूर. उरलेलं मगातच दगड झालं, आणि मधोमध ब्रश उभा, शंकराच्या पिंडीत त्रिशूळ रोवावा तसा. नावेवरचा थर मात्र झकास दिसत होता. टणक, चकचकीत. वाजवून बघितला, छान वाजला. पण साक्षीदार करायला मगात काही उरलं नव्हतं.

मी काय केलं? दुसऱ्या थराचा जो जादा साक्षीदार होता, त्याच्या गळ्यातली चिठ्ठी काढली, नवी लिहिली, "तिसरा थर", खाली माझं नाव, आणि टांगला. दगड झालेला तो मग ब्रशासकट मागच्या उकिरड्यावर फेकला. दोन विटा लावल्या तरी तो साक्षीदार हलणार नव्हता, कारण त्यातली राळ काकांनी कालवलेली होती.

काका जिवंत असल्याचं सिद्ध करून परत आले. दोन दिवस साक्षीदाराला विटा लावल्या, उकळत्या पाण्यात बुडवला, परत विटा लावल्या. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पाइपवाले, तुमचा जोड माझ्यापरीस बेस झालाय." त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं काय झालं, मी म्हणालो पित्त.

नाव पाण्यात घालायच्या दिवशी आम्ही सगळे येलदरीला गेलो. काकांनी पिशवीतून साक्षीदार आणला होता, दोन अर्ध्या विटांसकट. "साक्षीदार समक्ष हजर पाहिजे." त्यांचा एक नियम होता: ज्यानं जोड केला त्यानं आधी त्यावर बसायचं. काकांना पोहता येत नव्हतं. तरी त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, छत्री उघडली आणि पाण्यात उतरले. काठावर नाव हलकी डुलत होती.

दगडू म्हणाला, "काका, तुमी कशाला? म्या बसतो की आधी."

"गप. साक्षीदारावर माझा भरोसा हाय म्हणून मी बसायलोय. तुझ्यावर उपकार न्हाईत."

काकांनी एक पाय नावेत टाकला होता, तेवढ्यात कौसाबाई चपला काठावर सोडून आली. तिनं नावेचा काठ धरला, पाण्यात हात घालून पोटाखालच्या नव्या थरावरून फिरवला आणि माझ्याकडे बघून हसली.

"दादा, ह्यो वरचा थर तुमी दिलाव न्हवं? काका सांगत व्हते, पाइपवाल्याचा हात लय बसलाय. बरं झालं बाई. मला पवता येत न्हाई, घरधन्यास्नी ठावं हाय. म्हनून दर टायमाला मलाच मधी बसवत्यात."

तिनं काही विचारलं नव्हतं. दरडावलं तर नव्हतंच. पण माझा कोपरा तिथंच सुटला.

"थांबा काका," मी म्हणालो. "बसू नका. तो साक्षीदार खोटा आहे."

काका एक पाय नावेत, एक पाण्यात, तसेच उभे राहिले. छत्री वाऱ्यानं उलटी झाली ती त्यांनी सरळ केली नाही.

"कोणत्या थराचा हाय?"

"दुसऱ्या."

"अन् तिसऱ्याचा?"

"मगात. ब्रशासकट."

काकांनी पाय काढून घेतला. "नाव वर घे, दगडू. आज कामकाज न्हाई. तारीख पडली."

"तारीख?" दगडू माझ्या अंगावर आला. "किती दिसाची तारीख? घरी काय खायाचं, तुमचा पाइप? एवढा शिकला-सवरलेला मानूस तुमी, अन्..."

"वरडू नगं," कौसाबाई म्हणाली. चपला परत पायात घालत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "घरी बसू. तळाला बसन्यापरीस बरं."

काठावर नाव पालथी झाली. काकांनी खिशातून पेचकस काढला, माझ्या चकचकीत थराच्या कोपऱ्यात टोक घातलं आणि जरासं उचललं. भाकरीचा पापुद्रा निघावा तसा हातभर लांबीचा तुकडा एकसंध निघून आला. खालचे दोन थर जिथल्या तिथं. काकांनी तो पापुद्रा माझ्या तळहातावर ठेवला.

"हे चिकटलं होतं," ते म्हणाले.

नाव परत टेम्पोत घालून आम्ही जिंतूरच्या अंगणात आणली. त्यानंतर चार दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. ओसरीतून जाताना "वाका" म्हणायचंसुद्धा त्यांनी सोडलं, आणि मी दोनदा विटेवर आपटलो. नाझरकाकांच्या नजरेतून मी पडलो होतो, आणि त्या पडण्याला आवाज नव्हता, वरणभात नव्हता, हसायला मंडप नव्हता. काकूंनी मात्र एका वाटीत शेंगदाण्याची चटणी आणून दिली आणि म्हणाल्या, "ते तुमच्यावर रागावले न्हाईत. ती कुऱ्हाड आठवली त्यास्नी."

पाचव्या दिवशी दाराशी काटा ठेवलेला होता. नवीन सेल घातलेला. मी बाहेर आलो. काका खुर्चीत बसून राहिले, मी थर घासून काढला, राळ मोजली, हार्डनर मोजला, परत मोजला, कालवला, लावला, बुडबुडे दाबले. त्याच मगातून साक्षीदार केला. काकांनी चिठ्ठी पुढे केली. "सही करा. पूर्ण नावानं."

आठव्या दिवशी येलदरीत नाव उतरली. काका म्हणाले, "कालवलं त्यानं बसायचं." मलाही पोहता येत नाही हे मी त्यांना सांगितलं. "म्हणूनच," काका म्हणाले, आणि माझ्याशेजारी येऊन बसले. दगडूनं ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब माझ्या कमरेला अडकवली, ती इतकी घट्ट की बुडण्याआधी मी गुदमरलो असतो. काकांनी एका हातात छत्री, दुसऱ्या हातात गळ्यातलं लिंग धरलं आणि डोळे मिटले. पाण्याच्या मध्यावर गेल्यावर एक डोळा उघडून त्यांनी नावेच्या तळाकडे बघितलं. कोरडा होता. मग नाव काठाला घ्यायला लावून त्यांनी कौसाबाईला हाक मारून बोलावलं. तिला मधे बसवलं.

परत येताना दगडूनं काकांसाठी पिशवीत मासे आणले होते. काकांनी ते दोन बोटांनी धरून माझ्या ट्यूबवर ठेवले. "ह्यांस्नी द्या. मी खात न्हाई. अन् ह्यांनी कमावलेत."

पुढं माझी बदली परभणीला झाली. दिवाळीला भेट व्हायची, फोन व्हायचा. फोनवर काका तब्येत विचारायच्या आधी विचारायचे, "घरातल्या खुर्च्या बघितल्या का?" काकू आधी गेल्या. गेल्या वर्षी काका लिंगैक्य झाले. मुलगा बाहेरगावी असतो. त्यानं घर भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि मला फोन केला, "तुम्हाला त्या विटांमधलं कळतं. उतरवायला येता का?"

मी गेलो, वाकूनच शिरलो. सवय. आकडे रिकामे करायला लागलो तर फाटकाशी एक म्हातारा उभा. दगडू. केस पांढरे, दंड अजून तसेच.

"आयकलं काका गेले. माझा त्यो साक्षीदार हाय न्हवं अजून?"

होता. माझ्या पूर्ण नावाची सही, खाली दोन अर्ध्या विटा, इतकी वर्षं. दगडूनं त्याला हात लावला, जरा ओढून बघितला. "नाव चालू हाय. कौसी अजून मधीच बसती. दरसाल येऊन ह्याला बघून जायचो. ह्यानं धरलंय तवर काळजी न्हाई, काका म्हनायचे. मी न्यू का?"

मी त्याच्या पिशवीत घातला. निघाला, परत वळला. "इटा बी द्या. तुमी नुसता जोड दिलाव."

शेवटचा कोपरा राहिला होता, पाण्याच्या टाकीमागचा, जिथं आम्ही भाडेकरू कधी जात नसू. तिथल्या आकड्याला एक मग लटकत होता. राळेचा दगड, मधोमध ब्रश. ब्रशाच्या दांड्याला तारेनं एक अर्धी वीट. उकिरड्यावरून काकांनी तो कधी आणला, मला माहीत नाही. चिठ्ठीवरचं अक्षर तेच सुबक:

"साक्षीदार: भाडेकरू, पाइपवाले. आधी फितूर. नंतर स्वतःहून खरं सांगितलं. टांगून ठेवला आहे. धरतो."

तो मग आता आमच्या परभणीच्या घरात बाल्कनीच्या दाराशी टांगलेला आहे, विटेसकट. बायकोनं पुष्कळ विरोध केला. येणारे-जाणारे वाकून जातात, आणि मी विसरलो की आपटतो.

परवा गोष्ट संपल्यावर धाकटीनं हिशेब तपासला. "बाबा, खुर्चीवरून पडलात ते एक. पण दुसऱ्यांदा तर तुम्ही पडलाच नाहीत. नावेतून पण नाही."

"पडलो होतो," मी मगाकडे बोट दाखवलं. "काकांनी उचलून टांगून ठेवलं."